शेजारी दिलेली किल्ली

माधवनगरात बाहेरगावी जाताना घराची किल्ली शेजारी द्यायची रीत आहे, आणि एकदा दिलेली किल्ली परत मागायची नसते. मागितली की संबंध संपलेच म्हणून समजा. नीलिमाच्या घरची किल्ली शेजारच्या आक्काताईंकडे असते. मध्ये आक्काताईंनी नीलिमाच्या स्वयंपाकघरातली चांगली कढई जुनी समजून भंगारवाल्याला देऊन टाकली. नीलिमाची आई चार दिवस धुसफुसली, पण किल्ली काही मागितली नाही.

नीलिमा सांगलीत एका छोट्या कंपनीत आहे. कडेगावकडच्या एका साखर कारखान्याचा वजनकाटा या कंपनीच्या संगणकांवर चालतो. तिथं प्रत्येक काम आपापल्या कंटेनरात, म्हणजे आपापल्या बंद खोलीत. अशा खोल्यांची चाळ म्हणजे क्लस्टर. चाळीची झाडलोट करायला छोटे प्रोग्राम असतात, त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. चाळ उभारताना नीलिमानं साऱ्या स्क्रिप्टना एकच किल्ली देऊन टाकली होती, म्हणजे सगळ्या खोल्यांत काहीही करायची परवानगी. घरचं वळण, दुसरं काय!

ऐन गाळपात नीलिमाचा सहकारी प्रशांत याची स्क्रिप्ट चाचणीच्या खोल्या साफ करायला निघाली आणि वजनकाट्याची खोलीच पुसून आली. काटा बंद पडला, उसाच्या ट्रॉल्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेली. पुन्हा असं झालं तर काम काढून घेऊ, असं कारखान्यानं कळवलं. ते काम गेलं असतं तर कंपनीलाच टाळं लागलं असतं.

परवानग्या नव्यानं लावायचं काम नीलिमाकडे आलं. तिनं आधी सगळ्या स्क्रिप्टच्या किल्ल्या काढून घेतल्या, मग एकेक स्क्रिप्ट चाचणीत चालवली. जिथं अडली, तिथलीच परवानगी दिली. कुणाला नुसतं वाचायला पुरत होतं, कुणाला एकाच खोलीत काम होतं. शेवटी राहिली प्रशांतची.

प्रशांत साताऱ्याचा, निवृत्त सुभेदाराचा मुलगा. नीलिमाला हे सारं शिकवलं त्यानंच.

"माझ्यावर भरोसा न्हाई व्हय गं?" त्यानं विचारलं.

 तिनं जुनी किल्ली काही परत दिली नाही, त्याच्या स्क्रिप्टला फक्त चाचणीच्या खोल्या ठेवल्या. त्या दिवसापासून प्रशांत डबा घेऊन एकटाच गच्चीवर जाऊ लागला. नीलिमाला जेवण गोड लागेना.

मग एका दुपारी घाईघाईत प्रशांतनं स्क्रिप्टला पुन्हा वजनकाट्याच्याच खोलीचं नाव दिलं. स्क्रिप्ट दारापर्यंत गेली, परवानगी नाही म्हणून परत आली. तिकडं कारखान्यात ट्रॉल्या वजन होऊन पुढं सरकत होत्या, कुणाला पत्ताही नव्हता.  प्रशांत डबा घेऊन नीलिमाच्या टेबलाशी आला.

"माझ्या सवताच्या नावावर अजून सगळ्या खोल्यांची किल्ली हाय," तो म्हणाला. "तीबी काढून घे."

नीलिमानं ती काढली, मग स्वतःचीही काढली. आक्काताईंकडची अजून तिथंच आहे.