रागाच्या मेलनंतरची मेल

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या दुकानाची मेल बाहेर जायची बंद झाली, आणि तेव्हापासून किस्से इतके साठले की खोक्यांत भरून ठेवावेत!

टोपी बाजारात भाऊसाहेबांचं लग्नाच्या पगड्यांचं ठोक दुकान. मी तिथे पॅकिंग करते. माझी मनू दीड वर्षाची; तिला सोबत आणू देणारं दुसरं काम मला कोण देणार? म्हणून ऑर्डर थांबल्या की मला आधी माझ्या नोकरीची काळजी.

*

भाऊसाहेबांना सगळं घरचंच लागतं. बोअर घरचा, जनरेटर घरचा, तसा मेलचा सर्व्हरही घरचा! मागच्या खोलीत गुरगुरत असतो. मनूला त्या आवाजाशिवाय झोपच लागत नाही.

भाऊसाहेब म्हणाले, "चला, या डब्यावर एक तरी जण खूश आहे!"

*

आमचं मोठं गिऱ्हाईक, नागपूरचे शेठ, मेलला उत्तरच देईनात. भाऊसाहेबांनी गल्ल्यावरून माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला मेल टाकली. "आली का गं?"

"आली!"

"मग सर्व्हर ठीक आहे. नागपूरवालेच अकडू!"

रोज हीच तपासणी. शेवटी कॉम्प्युटरवाले दिनेश भैया आले आणि हसतच सुटले. "भाऊसाहेब, आप तो घर में ही चिट्ठी फेंक रहे हो! बाहर की सब लाइन में खड़ी हैं!"

*

भैया म्हणाले, आपल्या सर्व्हरवरून थेट गेलेली मेल आता बाहेरचे सर्व्हर घेत नाहीत. मोठ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे पाठवायची.

"म्हणजे वरात आमची अन् घोडा दुसऱ्याचा?"

"घोड़ा तो सबका किराए का ही होता है, भाऊसाहेब!"

*

भैयांच्या पहिल्या प्रयत्नात घरातली मेलसुद्धा बाहेरून फिरून यायला लागली. भाऊसाहेबांनी लिहिलं, "चहा सांग." ती माझ्यापर्यंत पोचली तोवर ते स्वतः कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन आले होते!

*

मग भैयांनी नीट लावून दिलं. घरची घरात, बाहेरची कंपनीमार्गे. अडकलेल्या सगळ्या मेल एकदम सुटल्या. मी झोपलेल्या मनूवर हात ठेवून बसले. फोन वाजला. नागपूरचे शेठ!

"भाऊसाहेब, एका दमात पाच मेल? 'माल तयार आहे.' 'उत्तर द्या.' 'आम्हाला विसरलात?' 'ठीक आहे, संबंध संपले.' 'माफ करा, रागात लिहिलं.' अहो, मी पहिलीसाठी चष्मा लावेपर्यंत पाचही आल्या! भांडण झालं कधी अन् मिटलं कधी?"

भाऊसाहेब लालबुंद. "मग... ऑर्डर?"

"पक्की! इतकं मनवणारा व्यापारी सोडतो होय?"

"मग शेठ, एवढं करा. तिकडच्या बाकी दुकानदारांनाही सांगा, आमची रागाची मेल आली असेल तर तिच्यानंतरची पण वाचा!"