तेवढं माझं

शमीम मॅडम दुसऱ्याची गोष्ट कदी आपली म्हणून सांगायच्या न्हाईत. इनोद सांगायचा असला तरी आदी म्हणायच्या, "हा माझा नाही हं, आमच्या सासऱ्यांचा." तवर निम्मं हसू वाळून जायाचं. लोकं चेष्टा करायची, पर बाईंनी सवय सोडली न्हाई.

त्या भोरच्या कालेजात शिकवायच्या. माझी नंदा त्यांच्या हाताखाली शेवटच्या वर्साला व्हती. आमी वेल्ह्याच्या वरल्या अंगाची. नंदा रांगत व्हती तवाच तिचा बाप गेला. म्या लोकांच्या खाचरात चिखल तुडवून पोरीला शिकिवली. थोरल्या दिरांनी बजावून ठेवलं व्हतं, "यंदा नापास झाली की लगीन उरकायचं. पोरगा बगून ठेवलाय." म्हंजे ते वरीस गेलं की पोरीचं समदंच गेलं.

आन् त्याच वर्साला मॅडमनी तिच्या प्रकल्पावर सही करायची न्हाई म्हणून सांगितलं. 'माझ्या गावची भातशेती' असा इषय व्हता. नंदा घरी येऊन भिताडाकडं तोंड करून बसली. सही का अडली इचारलं तर सांगंना. म्या दुसऱ्या दिवशी पयली एसटी धरली, तिला संगट घेतली आन् मॅडमच्या दारात जाऊन हुबी राहिले.

पाया पडाय वाकले तर त्यांनी हातच धरला. "आधी जेवा. केवढ्या लांबून आलाय." ताटात भाकरी आन् कारळ्याची चटणी वाढली. कायतरी ग्वाड बोलावं म्हणून म्या म्हणलं, "बाई, चटणी झ्याक झालीया."

"ती माझी नाही. उत्रोलीच्या वत्सलामावशींची. त्या लसूण कच्चा घालतात, मी भाजून घालते. तेवढं माझं."

माझ्या मनात आलं, हितं पोरीचं वाटोळं व्हाया लागलंय आन् या बाईला लसणाचं पडलंय.

हात धुतल्यावर त्यांनी नंदाचं कागद काढलं आन् वाचाय लागल्या. "आमच्या गावी कालव्याचं पाणी वर्षभर खेळतं..."

"कालवा?" म्या म्हणलं. "आवं, आमच्याकडं कुठला कालवा? उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो."

मॅडमनी नंदाकडं बघितलं. नंदाची मान खाली. मंग हळूच म्हणली, "आये, म्या कालेजातल्या जुन्या प्रकल्पावरनं उतरून काढलं. खालच्या गावच्या एका पोराचा व्हता. समदी तसंच करत्यात."

"करतात. त्यांच्याही सह्या अडल्यात," मॅडम म्हणाल्या.

म्या हात जोडलं. "बिनबापाची पोर हाय, बाई. एवढ्या बारीला सही द्या. न्हाईतर तिचा चुलता तिला उजवून टाकंल."

"ताई, आज सही दिली तर ती पास होईल. पण स्वतःच्या गावाबद्दल तिनं एक ओळसुद्धा लिहिलेली नसेल." मंग नंदाला म्हणाल्या, "त्या मुलाचं घ्यायचं तर खुशाल घे. पण त्याचं नाव सांगून घे. आणि तुझं काय आहे ते दाखव मला. सोमवारपर्यंत थांबते. त्याच्यापुढं नाही."

एसटीत मला लई राग आला व्हता. बाईंचा का पोरीचा, ते कळंना. मार्गासनी गाव मागं पडलं तवा म्या इचारलं, "नंदे, चटणीचं कळलं का तुला?"

"व्हय."

"मंग चल. लसूण भाजू."

म्या कामावर खाडा केला. पोरीला घेऊन पायी पालीला माझ्या आत्याकडं गेले. "भात लावायलाबी आता कालेजात शिकवत्यात व्हय गं?" आत्या म्हणली. "मंग चिखलात कोण उतरायचं, मास्तर?" पर सांगाय बसली की थांबंना. रोपाच्या जागी शेण, पाला, गवात पसरून राब कसा भाजायचा, वाऱ्याच्या उलट अंगानं का पेटवायचा. नंदानं त्याच्याखाली तिचं नाव लिवलं तशी आत्या दचकली. "माझं नाव कशाला? पोलीस येत्याल का?" मंग आमच्या वाडीतल्या बायकांकडं गेलो. एकीचं दुसरीला पटायचं न्हाई. नंदा दोगींचंबी लिवायची, नावासकट.

सोमवारी मॅडमनी समदं वाचलं. एका ठिकाणी बोट ठिवलं. "खालच्या गावाला पाण्याचा भरवसा, म्हणून तिथं राब सुटला. हे कुणी सांगितलं?"

नंदा भीत भीत म्हणली, "कुणी न्हाई, मॅडम. त्या पोराचं आन् आमचं शेजारी ठिवल्यावर माझं मलाच सुचलं."

मॅडमनी पेन उघडलं. "मग तसंच लिहायचं. घाबरायचं कशाला?" आन् सही केली.

गुण काय लई पडले न्हाईत. पर पास झाली. दिरांनी पुन्यांदा लग्नाचं नाव काढलं न्हाई. नंदा आता शाळंत शिकवती. कुणी उतरून आणलं की तीबी सही अडवून धरती.

मॅडम गेल्याचं कळलं तवा एसटी गाठून म्या भोरला गेले, पर मातीला पोचले न्हाई. दारात चपलाच चपला व्हत्या. वेल्ह्याकडची किती माणसं!

घरात कारळ्याची चटणी झाली की आल्यागेल्यातलं कुणीतरी वाखाणतंच. म्या वरवंटा थांबवते. "चटणी उत्रोलीच्या वत्सलामावशींची. लसूण भाजायचं शमीम मॅडमचं. म्या वाईच चिंच घालते. तेवढं माझं."