बिननावी फॉर्मवरचे तेवीस शिक्के

कामिनोसावा वाडीतून आलेले तेवीस फॉर्म प्राध्यापक मिकामींनी टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि खुर्ची मागे सरकवली. आरोग्य कार्यालयाच्या त्या खोलीत स्टोव्हवरची किटली तेवढी सूं-सूं करत होती.

वाडीच्या नर्स कात्सुए सासामोरीबाई वाकून बघू लागल्या. पहिल्या घराने पहिल्या प्रश्नाला "नाही"वर गोल केला होता. दुसऱ्या घरानेही. तिसऱ्यानेही. झोप लागत नाही का? नाही. एकटं वाटतं का? नाही. मदत हवी असूनही मागितली नाही, असं कधी झालं का? नाही. सत्तावीस प्रश्न, तेवीस घरं, आणि एकही गोल इकडचा तिकडे नाही. वर आणखी, प्रत्येक फॉर्मच्या खालच्या कोपऱ्यात लाल शाईत घरच्या कर्त्याच्या नावाचा शिक्का.

"नाव लिहू नका, असं ठळक छापलंय ना यावर?" मिकामींनी विचारलं.

"नाव कुठे लिहिलंय कुणी? शिक्का मारलाय."

मिकामींना हसू आलं, पण ते ओठांवर येऊन तिथेच विरलं. विद्यापीठातला माणूस, बत्तीस गावांची पाहणी त्याच्या डोक्यावर. "सासामोरी-सान, हे मी मोजणीत धरू शकत नाही. धरलं तर आणखी वाईट. नववा प्रश्न बघा. दर बुधवारी येणारी नर्स बंद झाली तर अडचण होईल का? अख्खी वाडी म्हणते, नाही. तुमचं कार्यालय एप्रिलपासून ती फेरी बंद करायला टपलेलंच आहे. त्यांच्या हातात आयतं कोलीत."

 चौतीस वर्षांची बाईंची फेरी त्या टेबलावर पसरून पडली होती.

"दहा दिवस देतो. नवे फॉर्म भरून आणा. पण काय लिहायचं ते सांगायचं नाही. सुचवायचंसुद्धा नाही. आणि हो, कर्मचाऱ्यांचा पिवळा फॉर्म तुमच्याकडून यायचा राहिलाय."

"भरलाय. देते," बाई म्हणाल्या आणि पिशवीवर हात ठेवला.

पिवळा फॉर्म पिशवीतच होता. डॉक्टर, नर्स, औषधवाले, सगळ्यांना विचारलं होतं: तुम्ही कसे आहात? बाईंनी सगळीकडे "ठीक"वर गोल केले होते. अंगदुखी? नाही. कामाचा भार? बेताचा. मोटारीत बसताना त्यांनी उजवा गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, आणि खरी चूक कुठे झाली ते त्यांना लख्ख कळलं.

फॉर्म घरोघरी जाऊन त्यांनी द्यायचे होते. प्रत्येक घरी बसून, समजावून, चार दिवसांनी बंद पाकिटात परत घ्यायचे होते. पण जानेवारीत बर्फ कमरेएवढं साचलं, वरच्या गल्लीच्या पायऱ्या काचेसारख्या झाल्या आणि गुडघा "नाही" म्हणाला. बाईंनी कुणालाच सांगितलं नाही. फॉर्मचा गठ्ठा वाडीचे म्होरके इवाओ कासाई यांच्या ओसरीवर ठेवला आणि त्या परतल्या. कासाईंनी मग वाडीत जे काम नेहमी जसं होतं तसं केलं. गावच्या फिरत्या पाटीला गठ्ठा लावला. ही पाटी घरोघर फिरते; कचऱ्याचा वार, देवळाची साफसफाई, कुणाच्या घरी दुःख, सगळं तिच्यावर येतं. वाचायचं, शिक्का मारायचा, शेजारी पोचवायची. कुणाची चूक होऊ नये म्हणून कासाईंनी आपला भरलेला फॉर्म सर्वांत वर लावला होता. नमुना म्हणून!

आणि कासाईंचा नमुना म्हणजे काय असणार, ते बाईंना ठाऊक होतं.

त्या या डोंगरात आल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. सोयाबीनच्या खारट मिसो सूपमधलं मीठ मोजायचं यंत्र त्यांच्या हातात दिसलं की बायका पातेल्यावर झाकण ठेवून वर बसायच्या. त्याच शरदात वाडीच्या जत्रेत नाटक होतं. कासाई सरदार झाले होते. चेहऱ्यावर पांढरा रंग, भुवयांना काळे फराटे, खांद्यावर मेणकापडाचं चिलखत. शेवटच्या प्रवेशात सरदाराला मरायचं होतं. त्याआधी विंगेत ते खांबाला धरून उभे राहिले, आणि बाईंनी भरजरी बाहीवरूनच रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. एकशे अठ्ठ्याण्णव.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात," बाई म्हणाल्या.

"पोरी, माझं मरण अजून व्हायचंय," कासाई म्हणाले आणि मंचावर गेले.

काय मेला तो माणूस! ढोल थांबला, सरदार बर्फ पडावं तसा हळूहळू खाली आला, आणि अख्खी जत्रा हुंदके देत होती. एकट्या बाई विंगेत उभ्या राहून मनगटावरचं घड्याळ बघत होत्या. पडदा पडताच त्यांनी चार माणसांकरवी सरदाराला चिलखतासकट गाडीत घातलं. कासाई वाचले. दुसऱ्या बुधवारी मीठ मोजायच्या रांगेत ते सर्वांत पुढे, आणि त्यांच्यामागे सगळी वाडी.

असा माणूस "तब्येत कशी?" या प्रश्नावर अजूनही भूमिकाच करणार. आणि बाकीचे त्याच्यामागे रांगेत.

बुधवारी बाई कासाईंच्या घरी पोचल्या तेव्हा रजई घातलेल्या गरम मेजाभोवती तिघं होती. कासाई, त्यांची बायको सुमी आणि वरच्या गल्लीतल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या तोयो आजी. मध्ये खारवलेला मुळा. बाईंना बघताच सुमीने बशी रजईखाली सरकवली.

"असू दे, असू दे. दिसली मला," बाई म्हणाल्या. "फॉर्मचं जरा..."

"सगळे पोचले ना?" कासाई खुलले. "एकही घर चुकलं नाही. शेजारच्या वाडीचे निम्मेसुद्धा आले नसतील."

"सगळे पोचले. पण सगळे एकच आहेत, कासाई-सान."

"मग? भांडण नाही, तंटा नाही. एकमताची वाडी आहे."

"एकमत कसलं!" तोयो आजी म्हणाल्या. "याचा फॉर्म वर लावलेला. मी म्हटलं, इवाओला सगळं 'नाही', तर मी कोण टिकोजीराव 'हो' म्हणणारी? शिवाय माझ्यामागून पाटी अजून सहा घरी जायची. सगळे वाचणार, तोयोला रात्रभर झोप नाही म्हणून."

"आणि तो नववा प्रश्न," सुमी म्हणाली, "नर्सबाई नाही आल्या तर अडचण होईल का? तोंडावर कोण म्हणेल हो, होईल म्हणून? एवढ्या बर्फातून बाई येतात. आमच्यासाठी त्रास घेऊ नका, असंच म्हणायचं असतं ना?"

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. असं लिहिलंत तर फेरी जाईल, मी जाईन, हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण मिकामींना शब्द दिला होता. आणि शब्द दिला नसता तरी, सांगून घेतलेल्या उत्तराला काय किंमत? पहिला नमुना कासाईंचा, दुसरा आपला.

त्या नेहमीसारख्या पाय दुमडून बसायला गेल्या. गुडघा मध्येच अडला. चौतीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं ते मग त्यांनी केलं. भिंतीला टेकून उजवा पाय सरळ पुढे पसरला. दुसऱ्याच्या घरी, मोठ्या माणसांसमोर.

 तोयो आजींनी रजई ओढून त्या पायावर घातली. "कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून."

"आणि आम्हाला बर्फात नीट चाला म्हणून सांगत होतीस!"

"म्हणून तर जानेवारीत वर आले नाही, आजी. गठ्ठा इथे टाकून पळाले. पायऱ्या चढवत नाहीत हे कबूल करायची लाज वाटली. चूक पाटीची नाही, माझी आहे. आता नवे फॉर्म घरोघरी मीच द्यायचेत."

त्यांनी पिशवीतून पिवळा फॉर्म काढला. "हा माझा. यात मीही खोटंच लिहिलंय." अंगदुखीच्या "नाही"वर दोन रेघा मारल्या आणि "हो"वर गोल केला. मदत मागायला संकोच वाटतो का, तिथे पेन जरा थांबलं. मग "फार" या शब्दाभोवती फिरलं. कागदपत्रात खाडाखोड झाली की वर शिक्का मारायचा, ही हाताची सवय. हात आपसूक शिक्क्याच्या डबीकडे गेला.

"अगं मारू नकोस!" तोयो आजी ओरडल्या. "यावर नाव नसतं ना!"

सुमीला हसू आवरेना. कासाई मात्र त्या पिवळ्या कागदाकडे बघत राहिले. मग उठले, भिंतीवरची टोपी घेतली, बर्फाचं फावडं घेतलं. "चला. वरची गल्ली आधी करू. मी वाट काढतो."

दोन दिवस ते पुढे, बाई मागे. पायरी पायरी मोकळी करत कासाई प्रत्येक फाटकापर्यंत यायचे आणि तिथेच पाठ फिरवून उभे राहायचे, आत काय लिहितात ते दिसू नये म्हणून. बाई फॉर्म द्यायच्या, पाकीट द्यायच्या, "कुणाला दाखवू नका, मलाही नाही" एवढंच म्हणायच्या. नवव्या दिवशी सगळी पाकिटं परत आली. शेवटचं कासाईंचं.

"बाई, एक विचारू? सतराव्याला मी..."

"नका सांगू."

"बरं," कासाई म्हणाले. पाकीट मात्र लगेच सुटलं नाही त्यांच्या हातातून. "पहिल्यांदा नाटक न करता भरलंय. वेळ लागला जरा."

मार्चमध्ये मिकामींचा फोन आला. तेवीस घरं, तेवीस तऱ्हा, ते म्हणाले. नवव्या प्रश्नाला एकोणीस घरांनी "हो, अडचण होईल" लिहिलं होतं. अकरा घरांत नीट झोप नव्हती. कार्यालयाने फेरी ठेवली. दर बुधवारची नाही, महिन्यातून दोन बुधवारची. वरच्या गल्लीसाठी दुसरी नर्स मागवायचं ठरलं, पण ती जूनपर्यंत यायची नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या बुधवारी बर्फ वितळून पाण्याचे ओहोळ वाहत होते. बाई मोटारीतून उतरल्या. कासाईंच्या ओसरीवर फिरती पाटी टेकवून ठेवली होती, वाडीभर फिरून आलेली. कासाईंच्या जाडजूड अक्षरात एकच सूचना होती:

"नर्सबाईंचा गुडघा दुखतो. ज्यांना चालवतं त्यांनी बुधवारी आमच्या ओसरीवर यावं. ज्यांना चालवत नाही किंवा ज्यांना एकट्याने बोलायचंय त्यांनी दाराला पांढरा टॉवेल बांधावा. बाईंना आम्ही वर घेऊन येऊ. संकोच करू नये."

खाली तेवीस शिक्के. तोयो आजींचा उलटा पडला होता.

बाईंनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. सफरचंदाच्या उघड्या फांद्यांमधून गल्ली दिसत होती. एक टॉवेल. पलीकडे दुसरा. तोयो आजींच्या दाराचा तिसरा, वाऱ्यावर फडफडणारा. चौथा कुठे दिसतो का म्हणून त्या वळल्या, आणि त्यांना तो पाठीमागेच दिसला. ओसरीच्या दाराला, फावड्याच्या आड, कुणाच्या नजरेत येऊ नये इतक्या खाली बांधलेला.

त्यांनी पिशवीतून रक्तदाबाचा पट्टा काढला आणि वर न जाता आधी तेच दार सरकवलं. "कासाई-सान," त्यांनी आत हाक दिली, "आहात का घरात?"