वाकडा मिटणारा चाकू

कोळवण खोऱ्यात कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी कुशाबा फाल्यांच्या ओट्यावर येऊन बसे. कुशाबांना बरोबर घेतल्याशिवाय बाजाराला जायची रीतच नव्हती. ते जनावराभोवती एकदा उजवीकडून फिरत, एकदा डावीकडून. दात बघत, खूर उचलून बघत, वशिंडावरून हात फिरवत. मग बैलाला चालवायला लावत आणि स्वतः उकिडवे बसून नुसते त्याचे पाय बघत राहत. बाजार उठायला यायचा, तरी त्यांचं बघणं सरायचं नाही. कुशाबा लांबून येताना दिसले की काही व्यापारी पाणी प्यायला उठून जात.

ही खोड जनावरांपुरती असती तर कुणाची हरकत नव्हती. पण लग्नाला मुलगी बघायला गेले, तेव्हा तुळजाबाई गूळपाणी घेऊन बाहेर आल्या आणि कुशाबा त्यांच्या डोक्यावरून मागच्या चौकटीकडे बघत राहिले. मुलीच्या बापाला वाटलं, नकार आला. बऱ्याच वेळाने कुशाबा म्हणाले, "मामा, दार उजव्या अंगाला खाली बसलंय." लग्न जमलं. तुळजाबाई पुढे बायकांत सांगायच्या, "माज्याकडं बगितलंच न्हाई त्यांनी, म्हनून निभावलं."

अशा माणसाला चाकूचं वेड लागलं, ते पौडाच्या कचेरीत.

त्याआधी त्यांच्याकडे कोंडिबा लोहाराने घडवलेला चाकू होता. दावं कापायला, खुरात घुसलेला काटा काढायला, वादीला भोक पाडायला तो दिवसभर कमरेला लागे. धारेत खोट नव्हती. पण चाकू सरळ, चामड्याच्या म्यानात खोवलेला. एकदा जमिनीच्या फेरफारासाठी कुशाबा कचेरीत गेले आणि बाकावर टेकले, तोच चाकू म्यान फाडून मांडीत गेला. कुशाबा उठून उभे राहिले. रक्ताळलेलं धोतर आणि कमरेला उघडं हत्यार असलेला माणूस बघून पट्टेवाल्याने जे समजायचं ते समजून घेतलं. फेरफार राहिला बाजूला, कुशाबांचा जबाब आधी झाला.

घरी आल्यावर ते कोंडिबाकडे गेले. म्हणाले, "मिटनारा चाकू करून दे."

कोंडिबाने भात्यावरचा हात थांबवला नाही. "मिटनारं काम माजं न्हाई. माजं हत्यार उगडंच असतं."

त्याच सुमाराला त्यांचा चुलत पुतण्या नथू पलटणीतून रजेवर आला. त्याच्याकडे विलायती चाकू होता. शिंगाची मूठ, पितळेच्या कडा. नथूने नखाने पातं ओढलं, ते उघडून जागच्या जागी बसलं. मागचा खटका दाबून मिटवलं, तेव्हा 'टक्' असा आवाज आला. कुशाबांनी तो आवाज तीनदा करायला लावला. चाकू हातात मात्र घेतला नाही. दुसऱ्याच्या वस्तूला उगाच हात लावू नये, असा त्यांचा समज होता.

"कुटं मिळतो?"

"पुण्यात मिळंल, तात्या. पर लई म्हाग पडंल."

सत्तावन्न सालचा भात झोडपून झाला, तांदूळ विकला गेला आणि कुशाबा पौडापर्यंत पायी जाऊन तिथून एस.टी.ने पुण्याला गेले. रविवार पेठेत नगरकरांचं हत्यारांचं दुकान होतं. नगरकर गोरे, बारीक अंगाचे, बोलायला मऊ. त्यांनी आतून एक डबी आणली. डबीत मखमल, मखमलीवर तेलकट कागद, कागदात चाकू, आणि चाकूखाली एक छापील चिठ्ठी.

"पाटील, हा आयुष्यभराचा माल आहे," नगरकर म्हणाले. "तुमच्या नंतर तुमचा मुलगा वापरेल."

कुशाबांना एकच लेक होती, जया. तरीही त्यांना ते वाक्य आवडलं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात त्यांनी चाकू उलटासुलटा केला, उघडला, मिटला, कानाशी धरून खटक्याचा आवाज ऐकला. मग घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर उन्हात बसून त्यांनी मिटलेला चाकू डोळ्यासमोर धरला. पातं मुठीच्या मधोमध नव्हतं. एका अंगाला कललेलं, आतल्या पितळेला चिकटलेलं. बराच वेळ ते तसेच बसले. तुळजाबाई शेणाची पाटी घेऊन गेल्या, परत आल्या, तरी तसेच.

"कापत न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"कापतोय."

"मग?"

"वाकडा मिटतोय."

"मिटल्यावर कोन बगतंय?"

"मी," कुशाबा म्हणाले.

तुळजाबाईंनी पाटी उचलली.

नगरकरांनी कुरकुर न करता चाकू बदलून दिला. या वेळी कुशाबा शहाणे झाले होते. नवा चाकू घेऊन ते रस्त्यावर, उन्हात गेले, आणि सायकलवाल्यांना अडथळा होत असतानाही मधोमध उभे राहून बघत राहिले. पातं सरळ होतं, मुठीला फट नव्हती, धार दोन्हीकडून सारखी होती. ते समाधानाने घरी आले. महिनाभर तो चाकू कमरेला होता, आणि त्या महिन्यात कुशाबा तुळजाबाईंना बरेच बरे वाटले.

मग वैशाखात एका संध्याकाळी त्यांच्या बैलाने दाव्यात पाय अडकवून घेतला. बैल पडलेला, दावं मांडीत रुतलेलं, गाठ आवळून दगड झालेली. कुशाबांनी चाकू उघडला, पातं दाव्याखाली घातलं आणि जोर लावून वर ओढलं. बैलाने पाय झाडला, दाब पात्याच्या पाठीवर आला आणि खटका सुटला. पातं मागे फिरलं आणि मिटलं, आणि मध्ये कुशाबांचं बोट होतं.

त्यांनी हाक मारली नाही. बांधावरून चाललेल्या धाकलूने स्वतःच बघितलं. धाकलू वरच्या वाडीतला कातकरी, मोळी टाकून घराकडे निघालेला. त्याने पळत येऊन कोयत्याचा एकच घाव घातला, दावं तुटलं, बैल धडपडत उठला. मग त्याने कुशाबांच्या हातातून चाकू सोडवला, फडक्याने बोट बांधलं आणि चाकू दोन्ही बाजूंनी न्याहाळला.

"दादा, ह्ये कशासाटी असतंया?"

"मिटायसाटी," कुशाबा म्हणाले.

बोटाची शीर तुटली होती. जखम भरली, पण उजव्या हाताची तर्जनी ताठ राहिली ती राहिलीच. चाकू मिटला आणि बोट मिटायचं बंद झालं. भाकरी मोडताना ते बोट सगळ्यांच्या पुढे उभं राही. नवख्या माणसाला वाटे, हे आपल्याला काही दाखवतायत, आणि तो मागे वळून बघे.

नथू पुन्हा रजेवर आला, तेव्हा कुशाबांनी त्याच्याकडे चाकू मागितला. या वेळी हातात घेतला, उन्हात धरला. नथूच्या चाकूचं पातं त्यांच्या पहिल्या चाकूपेक्षाही वाकडं मिटत होतं.

"नथू, ह्ये बगितलंस का?"

"काय? चार वर्सं वापरतुया तात्या, मला तर कायबी दिसलं न्हाई."

कुशाबांनी ताठ बोटाने दाखवलं. नथूला दिसलं. त्यानंतर त्याला त्या चाकूत दुसरं काहीच दिसेना. रजा संपायच्या आत त्याने तो मेव्हण्याला देऊन टाकला.

जखम पुरती भरल्यावर कुशाबा तिसऱ्यांदा पुण्याला गेले. नगरकरांनी आधी चाकू बघितला, मग बोट बघितलं, आणि ते मनापासून हळहळले. चहा मागवला. पैसे परत करतो म्हणाले.

"पैसं नगंत, शेट. मला चाकू पायजे."

"मी काय करणार, पाटील? माल बाहेरून येतो. तिकडे प्रत्येक चाकू तपासतात. ही चिठ्ठी बघा. तपासनिसाची असते."

"काय नाव त्याचं?"

नगरकरांनी चष्मा लावला. "नाव नाही. आकडा आहे. सात."

"मानसाला नाव न्हाई?"

"मोठे कारखाने असतात. आकड्यावर चालतं."

कुशाबांनी ते पटवून घ्यायचा प्रयत्न केला. सात नंबरचा एक माणूस कुठेतरी खिडकीशी बसलाय आणि एकेक चाकू उजेडात धरतोय, असं त्यांनी डोळ्यांपुढे आणलं. वाईट माणूस वाटला नाही. त्या दिवशी त्याच्या घरी कुणी आजारी असेल. "दुसऱ्या डब्या उगडा," ते म्हणाले. नगरकरांनी दोन उघडल्या. दोन्हींत सात. मग कपाटातल्या सगळ्याच काढल्या. सगळ्यांत सात.

"छापूनच आलेल्या दिसतायत," नगरकर हळू आवाजात म्हणाले. इतकी वर्षं त्यांनीही एकाहून जास्त डब्या एका वेळी उघडल्या नव्हत्या.

कुशाबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "म्हंजी चिट्ठी तपासलेली हाय. चाकू न्हाई."

त्यांनी डोक्याचा पटका काढून दुकानाच्या पायरीवर अंथरला, सगळे चाकू त्यावर मांडले आणि बसले. नगरकरांना नाही म्हणायचं सुचलं नाही. एकाचं पातं हलत होतं. एकाची शिंगाची मूठ खिळ्यापाशी तडकली होती. एक उघडताना इतका घट्ट, की त्यासाठी दुसरा चाकू लागला असता. एक सुरेख होता, सगळ्या बाजूंनी सुरेख, फक्त त्याला धारच लावलेली नव्हती.

मध्येच एक गृहस्थ जावयाला भेट द्यायला चाकू घ्यायला आले. पायरीवर मांडलेला माल बघून त्यांनी कुशाबांनाच विचारलं, "यातला चांगला कोणता?"

"जावई कसा हाय?" कुशाबांनी विचारलं.

"चांगला आहे."

"मग ह्यातला नगा देऊ."

गृहस्थ गेले. नगरकर गल्ल्यावरून म्हणाले, "पाटील, तुम्ही आता आत बसता का?"

आत ऊन नव्हतं. कुशाबा बाहेरच बसले. सावली पायरीवर आली तेव्हा त्यांनी एक चाकू बाजूला काढला आणि नगरकरांना दिला. मुठीच्या खालच्या टोकाला शिंग आणि पितळ यांच्यात नख जाईल एवढी फट होती.

"यात दोष आहे हो," नगरकर म्हणाले. आता त्यांनाही दिसायला लागलं होतं.

"हाय की. पर त्यो वर हाय. आत न्हाई." कुशाबांनी पातं उघडून पायरीच्या कडेवर पाठीच्या बाजूने उलटं दाबलं, अंगाचा सगळा भार टाकून. खटका हलला नाही. पुन्हा दाबलं. मग खटका दाबून चाकू मिटवला, आवाज ऐकला आणि कमरेला खोवला. डबी आणि चिठ्ठी त्यांनी नगरकरांपाशीच ठेवली.

त्या फटीत रोज माती जाई. रोज संध्याकाळी कुशाबा बाभळीच्या काट्याने ती काढीत. या कामाला जेवढा वेळ लागे तेवढ्या वेळात तुळजाबाईंचं दळण होई.

दोनेक वर्षांनी नगरकर बायकोला घेऊन कोळवणात आले. आंबेमोहोर तांदूळ थेट खोऱ्यातून न्यायचा होता, आणि खोऱ्यातलं त्यांच्या ओळखीचं एकच माणूस होतं. कुशाबांनी त्यांना घरी आणलं. तुळजाबाईंनी चुलीवरचा भात, वरण आणि वालाचं कोरड्यास वाढलं. नगरकरांकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "चाकू तुमीच दिल्ता व्हय?"

"हो, बाई. मीच."

"जेवा," तुळजाबाई म्हणाल्या.

भाताचा वास घरभर होता. नगरकर दोन घास खाऊन तांदळाची तारीफ करणार, एवढ्यात त्यांच्या तोंडात कच् असा आवाज झाला. ओसरीवर तेवढ्या शांततेत तो सगळ्यांना ऐकू गेला. नगरकरांनी खडा काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढे जेवू लागले.

कुशाबा त्या खड्याकडे बघत राहिले.

"तांदूळ निवडलेला हाय," ते म्हणाले.

"असणारच," नगरकर म्हणाले आणि त्यांनी वरण मागून घेतलं.

जेवण झाल्यावर पाहुणे मागच्या खोलीत जरा आडवे झाले. नगरकरांसाठी शिवून ठेवलेलं पोतं कुशाबांनी अंगणात आणलं, त्याची शिवण उसवली आणि सगळा तांदूळ घोंगडीवर ओतला. तुळजाबाई सूप घेऊन समोर बसल्या. जयालाही हाक मारली. तिघंही खाली माना घालून निवडत होती. नगरकरांची बायको उठून बाहेर आली, क्षणभर बघत उभी राहिली, आणि पदर खोचून तीही बसली.

पौडाहून सुटणारी एस.टी. चुकली. नगरकर मंडळींचा मुक्काम पडला आणि पोतं दुसऱ्या दिवशीच्या गाडीवर चढलं. पुढच्या सुगीला पौडाच्या मास्तरांबरोबर नगरकरांचा निरोप आला, की तोच तांदूळ पाठवा, आणि या वेळी थोडा जास्त. पुन्हा खडा लागला की नाही, याविषयी निरोपात काहीच नव्हतं. कुशाबांनी मास्तरांना दोनदा विचारलं.