रोज अकराचा भूकंप

आमच्या कोयनानगरच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला स्वतंत्र खोली, खिडकीला पडदा आणि दारात चप्पल काढून आत जायचा नियम, असा सगळा सरंजाम मिळाला. इतका मान त्या ऑफिसात मला कधी मिळाला नाही. पुढे आणखी दोन कॉम्प्युटर आले, पडदा मळला, नियम विसरला गेला आणि आम्ही तिघं एकेका कॉम्प्युटरपुढे बसून गुण्यागोविंदाने काम करू लागलो.

कंपनी पुरवठादार होती. धरणाच्या आणि वीजघराच्या कामांना केबल, व्हॉल्व्ह, नटबोल्ट पुरवायची. मुख्य ऑफिस साताऱ्याला, मोठं गोदाम सांगलीला आणि आमची शाखा इथे, वसाहतीच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली. आलेला आणि गेलेला माल कॉम्प्युटरवर चढवायचा आणि आठवड्याची फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरच्या हाती साताऱ्याला धाडायची, एवढंच आमचं काम. हेडक्लार्क अण्णा रहिमतपूरचे. त्यांना कशाचीच घाई नसे, निवृत्तीचीसुद्धा. दुसऱ्या ताई, लोणंदच्या. त्या न बघता टाईप करायच्या आणि करताना बोलायच्याही. तिसरा मी, सांगलीचा.

सांगलीचा माणूस घाटातल्या या गावात कशाला आला, असं मला सगळे विचारायचे. माझी बायको इथल्या शाळेत शिक्षिका होती, म्हणून आलो. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती इथे आणि मी सांगलीच्या गोदामात. शनिवारी संध्याकाळी निघायचं, कराडला गाडी बदलायची, रात्री घरी पोचायचं आणि रविवारी जेवण होतं न होतं तोच पिशवी भरायची. आमचा अर्धा संसार एसटीच्या फलाटावर झाला. साताऱ्याच्या साहेबांच्या हातापाया पडून मी बदली मिळवली होती आणि एकाच घरात रोज भांडायला मिळणं हे केवढं सुख आहे, ते मला नुकतंच कळायला लागलं होतं.

आता भूकंपाबद्दल सांगायला हवं. कोयनेत भूकंप म्हणजे परगावच्या पाहुण्यांना सांगायची गोष्ट. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आधी जमिनीखालून गडगड आवाज यायचा, मग पत्रे वाजायचे, मग फळीवरची भांडी. तोवर माणसं बाहेर आलेली असायची. दोन रिश्टरचा होता की तीन, यावर वाद घालून परत आत जायची. पण एक रीत सगळ्या वसाहतीत होती. बाहेर आलं की आधी आपलं माणूस शोधायचं. आमच्या ऑफिससमोर शिरीषाचं झाड होतं आणि पलीकडे मैदान ओलांडून शाळा. धक्का बसला की मी झाडाखाली जायचो, ती पोरांना घेऊन मैदानात यायची. ती हात वर करायची, मी हात वर करायचो. मग आपापल्या कामाला. ती लहान असताना इथे जो मोठा भूकंप झाला, त्यात घरातले सगळे बाहेर आले होते, वडील आले नव्हते. याबद्दल ती कधी बोलायची नाही. फक्त हात वर करायला मला थोडा उशीर झाला की घरी आमटीत मीठ जास्त पडायचं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना साताऱ्याला कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपल्या माणसांची कार्यक्षमता वाढली पाहिजे. त्यासाठी जुना प्रोग्रॅम काढून नवा टाकायचं ठरलं. जुना प्रोग्रॅम काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवायचा आणि गप्प बसायचा. नवा रंगीत होता. त्याला माऊस होता, घड्याळ होतं, आणि मुख्य म्हणजे त्याला चौकशा होत्या.

तो बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला. घाटातल्या वळणांनी तो बिचारा इतका हिरवा पडला होता की अण्णांनी त्याला आधी लिंबू चाटवलं. सावरल्यावर त्याने आम्हाला समजावून सांगितलं. कॉम्प्युटरवर काही वेळ काम झालं नाही की पडद्यावर एक चौकोन येणार आणि काम का थांबलं ते विचारणार. खाली दिलेल्या कारणांतलं एक निवडल्याशिवाय पुढचं काम करता येणार नाही.

"आता तुमचं एक मिनिटही वाया जाणार नाही," तो म्हणाला.

"आजवर तरी कुठं गेलंय?" अण्णा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

कारणं चार होती. पहिलं, वीज गेली. वीज गेल्यावर कॉम्प्युटरच बंद पडतो, मग विचारणार कोण आणि सांगणार कुणाला, हे मी इंजिनिअरला विचारलं. त्याने ते वहीत टिपून घेतलं. दुसरं, प्रिंटर बिघडला. तिसरं, नैसर्गिक आपत्ती. चौथं, इतर. हे 'इतर' निवडलं की खाली मोठा रकाना उघडायचा आणि त्यात सविस्तर खुलासा लिहावा लागायचा, तोही इंग्रजीत.

आमचा चहा सकाळी अकराला आणि दुपारी चारला, कोपऱ्यावरच्या टपरीत, उभ्याने, गप्पांसकट. पहिल्या दिवशी अकराला चहा पिऊन आलो तर तिन्ही पडद्यांवर तो चौकोन आमची वाट बघत होता. अण्णांनी 'इतर' निवडलं आणि इंग्रजीत खुलासा लिहायला बसले. चहा प्यायला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या दुप्पट वेळ खुलाशाला लागला. तेवढ्या वेळात ताईंच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्यांदा चौकोन आला, कारण त्या अण्णांना स्पेलिंगं सांगत होत्या. प्रिंटरवर ढकलावं म्हटलं तर ते कारण निवडताच पडद्यावर दुरुस्तीचा फॉर्म उघडायचा, तोही इंग्रजीत.

त्याच आठवड्यात एक खरा धक्का बसला. आम्ही बाहेर गेलो, हात वर करून झाले, परत आलो. ताईंनी प्रामाणिकपणे 'नैसर्गिक आपत्ती' निवडलं. चौकोन निमूट मिटला. ना खुलासा, ना इंग्रजी. आम्ही तिघं काही वेळ त्या पडद्याकडे बघत राहिलो.

"गड्या," अण्णा हळूच म्हणाले, "हे ब्येस हाय की."

त्या दिवसापासून चहाला आम्ही जायचो आणि कोयनेत भूकंप व्हायचा. ताईंच्या माहेरचा फोन आला की भूकंप. टपरीवर भजी निघाली की भूकंप. यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं. यंत्राला उत्तर हवं होतं, आम्ही देत होतो. फ्लॉपी आठवड्याच्या आठवड्याला साताऱ्याला जात होती, आणि तिथे ती कुणी उघडून बघत असेल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात साहेबांचा फोन आला. आवाज इतका हळवा की मला वाटलं कुणीतरी गेलं.

"सगळे सुखरूप आहात ना?"

"आहोत साहेब."

"अहो, लपवू नका. रिपोर्ट समोर आहे माझ्या. रोज दोन भूकंप! कधी तीन! सकाळी अकराला आणि दुपारी चारला, अगदी ठरल्यासारखे. मालकांना झोप नाही. असल्या ठिकाणी माणसं ठेवायची नाहीत असं ते म्हणतायत. शाखा बंद करून तुम्हा तिघांना सांगलीच्या गोदामात घेतो. परवा मी स्वतः येऊन बघतो आणि काय ते नक्की करू."

फोन ठेवून मी दोघांना सगळं सांगितलं. अण्णांना सांगलीहून रहिमतपूर इथल्यापेक्षा काही लांब पडत नव्हतं. ताईंचं आपलं कुठेही चाललं असतं. बुडणार होतो तो मी. आणि भूकंप खोटे होते हे साहेबांना सांगावं, तर तिघांच्या नोकऱ्या जाणार.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. "शाखा सांगलीला हलवतायत," एवढंच मी म्हणालो. भूकंपाचा तपशील तिला सांगायची माझी छाती झाली नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली, ती फुगली, करपली, तरी ती बघतच राहिली.

"म्हणजे मी परत शनिवार-रविवारची बायको," ती म्हणाली.

मला त्या प्रोग्रॅमचा, त्या घड्याळाचा आणि त्या हिरव्या पडलेल्या इंजिनिअरचा असा संताप आला की काय सांगू. स्वतःचा आला नाही. तो मला फार उशिरा येतो.

साहेब यायच्या दिवशी सकाळी अण्णांनी दार लावून घेतलं आणि बेत सांगितला. साहेबांना इथे सगळं शांत दिसलं पाहिजे. "सायेब हायेत तवर खुर्ची सोडायची न्हाई. चहा बी हितंच मागवायचा."

"आणि खरा आला तर?" ताईंनी विचारलं.

"तर त्याला वळख दाखवायची न्हाई."

साहेब जीपमधून उतरले ते छपराकडे, भिंतींकडे, झाडाकडे संशयाने बघत. आत आले, दाराजवळची खुर्ची निवडून बसले. आम्ही तिघं मान खाली घालून काम करत होतो. नोकरीला लागल्यापासून इतकं काम मी केलं नव्हतं. माऊसचा नुसता कटकटाट चालला होता.

"आज काही जाणवत नाही," साहेब म्हणाले.

"न्हाईच जाणवत हो आता," अण्णा म्हणाले. "लय शांत झालंय."

"पण रिपोर्टात गेल्या शनिवारी सकाळी अकराला तर..."

"त्यो बारका व्हता."

अकरा वाजले तसे साहेब घड्याळाकडे बघू लागले आणि खुर्चीच्या कडेवर सरकले. काही झालं नाही. सव्वाअकरा झाले. त्यांचा चेहरा सैल पडला. टपरीवरून चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बशीतला चहा आपोआप हलायला लागला.

मग तो ओळखीचा गडगडाट आला. पत्रे वाजले. कपाटावरचा जुना प्रिंटर चालत कडेला आला. मी वर बघितलं तेव्हा साहेबांची खुर्ची रिकामी होती आणि बशी मात्र टेबलावर नीट ठेवलेली होती. आम्ही हललो नाही. अण्णा टाईप करत होते. पडदा थरथरत होता आणि त्यावर काय उमटत होतं ते कुणालाच वाचता आलं नसतं.

"बाहेर या!" साहेब झाडाखालून ओरडले.

"का वो सायेब?" अण्णांनी आतूनच विचारलं. "काय झालं?"

धक्का थांबला. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग खिडकीतून मला ती दिसली. हातात खडू, पदर कमरेला, मैदानातून ती पळत येत होती. झाडाखाली कोण उभं आहे ते न बघता साहेबांना ओलांडून ती दारात आली. मला खुर्चीत बघितलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. मग तिला वाचा फुटली. शाळेत ती पुस्तकातलं बोलायची, घरीही बहुधा तेच. आज माहेरची सगळी बोली बाहेर आली.

"आवं, मेलाय का काय तुमी? पोरास्नी तसंच उभं करून आले मी! हात न्हाई का माणूस न्हाई. झाडाखाली कुणीतरी परकाच! माजा बा बी असाच..."

पुढे ती रडायलाच लागली. मी उठलो. काय करावं सुचेना म्हणून तिच्यासमोर उभा राहून हात वर केला. इतक्या जवळून हात वर केलेला तिने कधी बघितला नव्हता. ती आणखीच रडायला लागली.

साहेब दारात आले. "बाई," ते फार मऊपणे म्हणाले, "रोज दोन-दोनदा हे सोसायचं म्हणजे..."

"रोज?" तिने डोळे पुसले. "रोज कुठला हो भूकंप? महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी."

"मग रोज अकराला काय होतं?"

"अकराला?" ती म्हणाली. "अकराला यांचा चहा असतो."

ताईंनी डोळे मिटून घेतले. अण्णांनी प्रिंटर कपाटावर मागे सरकवायला घेतला आणि ते काम पुष्कळ वेळ चालवलं.

मग मी सगळं सांगितलं. चौकोन, इंग्रजी खुलासा, भजी, आणि शाखा हलली तर माझं काय होणार तेही. साहेब उंबऱ्याशेजारी पायरीवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "तो चहा गार झाला असेल. दुसरा सांगा."

शाखा हलली नाही. रोज भूकंप होत नसेल तर हलवायचं कारणच उरत नव्हतं. आम्हाला जी बोलणी बसायची ती बसली, आणि पुण्याचा इंजिनिअर पुन्हा एकदा हिरवा होऊन आला. यादीत त्याने 'चहा' असं पाचवं कारण घातलं, दिवसातून दोनदा चालेल असं. साहेबांनी स्वतःचाही एक नियम केला. भूकंपात जो खुर्चीत सापडेल त्याला मेमो.

पावसाळा संपता संपता पुन्हा एक धक्का बसला. मी सगळ्यांत आधी झाडाखाली होतो. मैदानात तिने हात वर केला, मी केला. तिने खाली घेतल्यावरही मी माझा थोडा वेळ तसाच ठेवला. आत आलो तर पडद्यावर चौकोन उभा होता, काम का थांबलं विचारत. 'नैसर्गिक आपत्ती'वर माऊस नेला आणि काढून घेतला. 'इतर' निवडलं. खुलाशाच्या भल्या मोठ्या रकान्यात इंग्रजीत एकच शब्द टाईप केला, वाईफ, आणि पुढची पावती चढवायला घेतली. साताऱ्याहून त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.