विहीणबाई कापायच्या तसे

अण्णांनी चाळीस वर्षं सलून चालवलं, पण कुणाचा एक केस वाकडा जाऊ दिला नाही. दुकान विकलं तरी खोड गेली नाही. भिंतीवरचा फोटो कललेला दिसला की भरल्या ताटावरून उठायचे.

लेकीचं लग्न ठरलं स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाशी. व्याह्यांना दुसरी भाषाच येईना, म्हणून साठी उलटल्यावर अण्णांनी वही घेतली. "बाबा, केस एकदाच कापले नाहीत ना? नेहमी कापायचात. मग 'कोर्ताबा' म्हणा," लेकीने शिकवलं. "मी, तो, ती, तिघांनाही तेच चालतं. 'तू' असेल तर 'कोर्ताबास'." झालं, उठता-बसता कोर्ताबा, कोर्ताबास सुरू. बायको म्हणाली, "पोपट पाळलाय मी घरात."

लग्नाच्या दोन दिवस आधी व्याही आले आणि अण्णांना घाम फुटला. व्याह्यांचे केस पार खांद्यावर. वर्षापूर्वी त्यांची बायको गेली, तेव्हापासून डोक्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. जावई बिचारा हिरमुसला होता. "बाबा, आता तुम्हीच बघा," लेक म्हणाली.

अण्णांनी कात्री काढली, छातीवर हात ठेवून म्हणाले, "यो कोर्ताबा." मी कापायचो.

व्याह्यांनी हाताने नको म्हटलं. "एया कोर्ताबा." ती कापायची.

अण्णांनी कात्री खाली ठेवली, शेजारी बसले. विचारलं, "कोमो कोर्ताबा?" कशी कापायची?

व्याह्यांनी पाकिटातून स्वतःचा जुना फोटो काढला. डाव्या कानावर केस बोटभर लांब, उजवीकडे तोकडे, मागे चक्क पायऱ्या. असं काम अण्णांनी केलं असतं तर वडिलांनी कानाखाली वाजवली असती. व्याही मात्र त्या लांब केसांवर बोट ठेवून बसले होते.

अण्णांनी टॉवेल गुंडाळला. सरळ कापायला पंधरा मिनिटं पुरली असती, वाकडे कापायला तास गेला. हात मेला सारखा सरळ जायचा. आरसा दिला तेव्हा व्याह्यांनी डाव्या कानावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि मग पोट धरून हसले.

लग्नाला अण्णांची सगळी जुनी गिऱ्हाइकं हजर. एकाने गाठलंच. "अण्णा, व्याह्यांचे केस कुणी कापले हो? हात गेला की काय तुमचा?"

चाळीस वर्षांचं नाव पणाला लागलं होतं. अण्णांनी एकवार व्याह्यांकडे पाहिलं.

"विहीणबाई कापायच्या," ते म्हणाले. "मी नुसती कात्री धरली."