तीन गावांची युनिटं

तेविसाव्या वर्षी मी म्हातारपणाची सोय करायला निघालो. दूरदृष्टीचा त्यात काही संबंध नाही. मला लग्न करायचं होतं.

चिखलीच्या एका खासगी जिनिंगात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कारकून. मेहकरला एका शाळामास्तरांची मुलगी पाहायला गेलो, पोहे खाल्ले, ती एकदाच वर पाहून खुदकन हसली आणि माझा निकाल तिथेच लागला. मास्तर मात्र पक्के पेन्शनीच्या नोकरीतले. त्यांनी पत्रिका विचारली नाही, शेत विचारलं नाही.

"जिनिंगात पेन्शन नाही म्हनता. मंग साठीनंतर काय खासान?"

मी तोवर फार तर संध्याकाळच्या पिठल्यापर्यंत विचार केलेला. "सोय चालू हाये," मी ठोकून दिलं.

"चालू हाये तं कागद दाखवा. दिवाळीपरेंत थांबतो. मंग मले दुसरीकडं बोलनं लावा लागते."

त्या दिवसांत युनिटांची योजना नवी नवी निघाली होती. चिखलीतला एक विमावाला ती विकायचा. त्याने मला समजावलं: हजारो लोकांचे पैसे एकत्र करून जाणकार माणसं पुष्कळ कंपन्यांचे शेअर घेतात, एखादी बुडाली तर बाकीच्या सावरतात. "सारं एकाच ठिकाणी लावू नका, आणि तीस वर्षं हात लावू नका. बस."

मी तिथेच थोडी युनिटं घेतली आणि मग त्याच्या सल्ल्याला माझी कापसाची अक्कल जोडली. चिखलीच्या बाजारात कापसाला एक भाव, मेहकरला दुसरा. हुशार शेतकरी अर्ध्या गाड्या इकडे पाठवतो, अर्ध्या तिकडे. युनिटांचंही तसंच असणार! एवढी साधी गोष्ट त्या विमावाल्याला सुचू नये, म्हणून त्याची मला कीव आली.

पुढच्या पगाराला मी मेहकरच्या एजंटाकडून घेतली, मास्तरांची गल्ली चुकवत. त्यापुढच्या पगाराला साखरखेर्डा गाठलं. तिथला एजंट संकरित ज्वारीचं बियाणंही विकायचा.

"इकडची युनिटं कशी हायेत?" मी विचारलं.

"येक नंबर."

"चिखलीपेक्षा?"

"चिखलीचं काय घेऊन बसले साहेब तुम्ही."

मी खूश. भाव पाडायला मी रुमाल पसरला आणि बाजारात बोटांनी भाव ठरवतात तसा त्याखालून त्याचा हात धरून दोन बोटं दाबली. त्याने भल्या माणसासारखी माझीही दोन बोटं दाबली आणि पावती पूर्ण भावाची फाडली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी मास्तरांपुढे तिन्ही कागद पत्त्यांसारखे मांडले. "हे चिखलीचं, हे तुमच्या मेहकरचं, हे साखरखेर्ड्याचं. एका गावचं बसलं तरी दोन उभे."

मास्तरांनी चष्मा लावला. पहिला वाचला, दुसरा, तिसरा. मग परत पहिला.

"हे तिन्ही एकच हायेत."

"नाही, हे चिखलीचं—"

"अहो, एजंट तीन हायेत. योजना एक, भाव एक. एकाच गंजीतला कापूस तीन गाड्यांत भरला तुम्ही."

दाराआड कोणीतरी फस्सकन हसलं आणि पाठोपाठ एक भांडं पडलं.

"साखरखेर्ड्याले जायले भाडं किती पडलं?"

मी सांगितलं.

"म्हंजे पयल्या वर्षाचा नफा एसटीनं खाल्ला."

मला उठून पळावंसं वाटत होतं, पण चपला दाराजवळ होत्या आणि दाराजवळ ती होती.

मास्तरांनी कागद गोळा केले, पण मला परत दिले नाहीत. "उद्या पैशाची नड आली, तं हे इकून टाकसान?"

"नाही."

"काऊन?"

"तुमी साठीनंतरचं विचारलं होतं," मी म्हणालो. "साठी आली कुठं अजून?"

तेवढ्यात ती कपबशा न्यायला आली. कपबशा तशाच राहिल्या. वडिलांच्या हातातून तिने ते तीन कागद अलगद काढून घेतले.

"हे माह्या ट्रंकेत राहतीन," ती त्यांना म्हणाली. "ह्यायच्या हाती राह्यले तं चौथं गाव शोधतीन."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग चष्मा काढून त्यांनी तिच्या आईला हाक मारली आणि साखर आणायला सांगितली.